कोशातलं पाखरू

गिरडची टेकडी चढताना नजर आधी पायाखाली जाते. माथ्यावर ख्वाजा शेख फरीदबाबांचा दर्गा. तिथे हिंदूही नवस बोलतात, मुसलमानही बोलतात. पण दर्ग्याइतकेच प्रसिद्ध आहेत ते या टेकडीवरचे गोलसर, लांबट दगड. भूगर्भशास्त्राच्या हिशेबानं ते झिओलाइटच्या जातीचे गोळे, दख्खनच्या लाव्हाच्या खडकातून सुटून आलेले. लोकांच्या हिशेबानं तो नारळ आहे, किराणा आहे, कुणा व्यापाऱ्याचा बुडालेला माल आहे.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या या गावाची कथा इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. माल घेऊन निघालेल्या दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी त्यांना नवा माल करून दिला. तोही वाळलेल्या पाल्यातून. व्यापारी पुन्हा बाजाराच्या वाटेला लागलेच नाहीत. बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं सांगतात.

ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात ते दगड. कारण ते अजून तिथे आहेत आणि हातात घेता येतात. पाला मात्र गोष्टीतून निसटतो. खरं तर गोष्टीतली अवघड जागा तीच आहे. ज्याला नारळाचा दगड करता येतो त्याला दगडाचा नारळही करता आला असता. कथेनं तसं केलं नाही. तिनं झाडानं आपणहून टाकलेलं, कुणालाही नको असलेलं, वाऱ्यावर उडणारं काहीतरी घेतलं आणि त्यातून माल उभा केला. त्या मालासाठी कुठलं झाड तुटलं नाही आणि कुठला जीवही गेला नाही.

सुंदर वस्तू, आणि त्यातही देवापुढे ठेवायची वस्तू, कशातून करावी हा प्रश्न या पाल्याशी येऊन थांबतो. त्याच प्रश्नाची दुसरी बाजू गिरडपासून फार लांब, जपानच्या क्योतो शहरात, रेशमावर रंगवलेली आहे.

जपानी भाषेत चित्रांचा एक मोठा प्रकार आहे, ‘काचो-गा’. का म्हणजे फूल, चो म्हणजे पाखरू, गा म्हणजे चित्र. हा प्रकार चीनमधून आला. सोंग राजवटीच्या काळात तो तिथे भरभराटीला होता. जपानी चित्रकारांनी तो पुढची कित्येक शतकं जोपासला. नावात फूल आणि पाखरू असलं तरी त्यात मासे, बेडूक, किडे, भोपळ्याचे वेलही येतात. एकच नाही येत, माणूस. या शब्दाचं सरळ मराठी करायला गेलं तर मोठी गंमत होते. फूल आणि पाखरू जोडले की आपल्याकडे ‘फुलपाखरू’ होतं. चित्रप्रकाराचा एक किडा होऊन बसतो.

आणि ही गंमत निव्वळ शब्दाची राहत नाही. कारण ही चित्रं ज्या रेशमावर काढली जातात, ते रेशीम म्हणजे पाखरू व्हायला निघालेल्या एका अळीनं स्वतःभोवती विणलेलं घर. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगालाही मराठी माणूस पाखरूच म्हणतो. कोश तसाच राहू दिला तर आतलं पाखरू भिंत भिजवून, धागे विस्कटून बाहेर पडतं. मग सलग धागा मिळत नाही. म्हणून ते बाहेर पडायच्या आधीच कोश वाफवतात किंवा उकळतात. एका कोशातून सुमारे एक किलोमीटरपर्यंत अखंड तंतू निघतो आणि एका साडीला असे काही हजार कोश लागतात. फूल-पाखराचं चित्र उमटावं म्हणून हजारो पाखरं उमलायच्या आधीच संपतात. चित्राला त्याची खंत नसेल. पण ज्या धर्माच्या देवळात अशी चित्रं अर्पण केली गेली, त्या धर्माच्या पंचशीलातलं पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं आहे.

इतो जाकुचू हा या चित्रप्रकारातला मोठा माणूस. जन्म १७१६, मृत्यू १८००. घराणं भाजीपाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं. क्योतोतल्या निशिकी बाजारात त्यांची पेढी होती. तो बाजार आजही गजबजलेला असतो. जाकुचू थोरला मुलगा, त्यामुळे पेढी त्याच्या गळ्यात पडली. त्याचं मन तिच्यात कधीच नव्हतं. १७५५ मध्ये, चाळिशीला पोचल्यावर, त्यानं कारभार धाकट्या भावाच्या हाती दिला आणि स्वतः रंगाच्या वाट्या घेऊन बसला. लग्न केलं नव्हतं. डोकं भादरलेलं, खाणं शाकाहारी, राहणी अर्ध्या भिक्खूची. तरी तो संसारातून पुरता उठून गेला नव्हता. १७७० च्या दशकात निशिकी बाजार बंद पडायची वेळ आली, तेव्हा हाच चित्रकार बाजार वाचवण्यासाठी धावपळ करत होता. भाजीवाल्याचं रक्त असं सुटत नाही.

दाइतेन केन्जो नावाचे झेन भिक्खू त्याचे जवळचे मित्र. त्यांनी लिहून ठेवलेल्या माहितीत दोन गोष्टी फार जिवंत आहेत. एक अशी, की जाकुचूनं अंगणात कोंबड्या पाळल्या आणि त्या कशा चालतात, मान कशी मुरडतात, पाय कसा उचलतात हे तो दिवसेंदिवस नुसतं पाहत बसला. दुसरी गोष्ट बाजारातली. खाण्यासाठी विकायला आणलेल्या चिमण्या त्यानं विकत घेतल्या आणि सोडून दिल्या.

त्या चिमण्या पुढे रेशमावर आल्या, असं म्हणायचा मोह होतो. ‘दोशोकु साइ-ए’ या त्याच्या चित्रमालेत एक चित्र भरल्या कणसांचं आहे. राळ्यासारखं धान्य, कणसं वाकलेली, आणि त्यावर वरून तिरपी झेपावत येणारी चिमण्यांची झुंड. सगळ्या तपकिरी, सगळ्यांचे पंख जवळपास एकाच कोनात पसरलेले, एखाद्या छापाच्या कापडावरच्या नक्षीसारखे. आणि त्या झुंडीत एकच चिमणी पांढरी. डोळा चित्रभर फिरतो आणि दर वेळी तिच्यापाशी अडतो. ती का पांढरी, याचं कारण चित्रात कुठेच नाही.

या मालेत एकूण तीस चित्रं आहेत. प्रत्येक सुमारे १४२ सेंटिमीटर उंच आणि ७९ सेंटिमीटर रुंद. १७५७ च्या आसपास सुरुवात झाली आणि १७६६ च्या सुमारास काम पुरं झालं. यातली चोवीस चित्रं त्यानं १७६५ मध्ये शोकोकु-जी या झेन विहाराला अर्पण केली. सोबत शाक्यमुनी, मंजुश्री आणि समंतभद्र यांची तीन चित्रं दिली. मागाहून उरलेली सहा दिली. मधोमध बुद्ध आणि दोन बोधिसत्त्व, दोन्ही बाजूंना ओळीनं कोंबडे, मोर, हंस, मासे, शंख, बेडूक, कमळं. जणू सगळी सृष्टी प्रवचनाला येऊन बसली आहे. वर्षातून एकदा अवलोकितेश्वरासमोर होणाऱ्या प्रायश्चित्ताच्या विधीला ही चित्रं विहारात टांगत. कळत नकळत केलेल्या अपराधांची कबुली देण्याचा तो विधी. जैनांच्या ‘मिच्छामि दुक्कडम्’ची आठवण व्हावी असा. माणसं चुकांची कबुली देत असताना भोवती कोंबड्या, चिमण्या, किडे पाहत उभे. साक्षीदार म्हणावं की फिर्यादी, हे पाहणाऱ्यानं ठरवावं.

आता त्याच्या हाताखालचं सामान पाहू. आधी रेशमाचं साधं विणलेलं, विरळ कापड चौकटीवर ताणून बसवायचं. त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवायचं, म्हणजे रंग फुटत नाही. सरस जनावरांच्या कातड्याचा. पांढरा रंग शिंपल्यांच्या भुकटीचा. ब्रश जनावरांच्या केसांचे. आणि खुद्द कापड किड्याचं. खनिजाचे रंग सोडले तर त्या चौकटीवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू कधीतरी कुणाचं तरी अंग होती.

यानंतरची कृती मात्र बघण्यासारखी. रेशीम विरळ असतं, धाग्याधाग्यांतून आरपार दिसतं. जाकुचू कापड उलटं करून मागूनही रंग लावायचा. मागचा रंग विणीतून गाळला जाऊन पुढे येतो. थेट लावलेल्या रंगासारखा तो अंगावर येत नाही, आतून उजळल्यासारखा दिसतो. जुन्या पाइनच्या फांदीवर उभ्या असलेल्या पांढऱ्या फीनिक्सचं चित्र या मालेत आहे. त्या पिसांत सोन्याची झाक मारते. पाहणाऱ्यांना वाटायचं, यात सोन्याचा मुलामा असणार. १९९९ पासून सहा वर्षं चाललेल्या जतनाच्या कामात चित्रं उलटून तपासली, तेव्हा कळलं की सोनं वापरलेलंच नाही. मागून पिवळी माती, पुढून शिंपल्याचा पांढरा. बाकीची करामत मधल्या रेशमाची. म्हणजे रेशीम इथे नुसतं कागदाच्या जागी नाही. ते काढून घेतलं तर चित्राचा उजेडच जातो.

भाषेनंही हे नातं लपवलेलं नाही. ‘साइ-ए’मधल्या ‘साइ’ या अक्षराचा अर्थच रंगीत रेशीम. आणि ‘ए’, म्हणजे चित्र, हे अक्षर लिहिताना जपानी माणूस डावीकडे जो भाग काढतो, तो सुताचा, धाग्याचा. चित्र हा शब्द लिहितानासुद्धा आधी धागा काढावा लागतो.

मग शाकाहारी, चिमण्या सोडवणाऱ्या, अर्ध्या भिक्खूसारखं जगणाऱ्या माणसाला हे कसं चाललं? हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून बौद्धांना छळत आलेला आहे.

पाली विनयपिटकात एक प्रसंग येतो. काही भिक्खू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, भरपूर किडे उकळा, आम्हालाही रेशीम द्या, आम्हाला आसनं करायची आहेत. ते कारागीर वैतागले. आम्ही पोटासाठी, बायकापोरांसाठी इतके जीव मारतो हेच आमचं दुर्दैव. या श्रमणांना कशाला हवं हे? तक्रार बुद्धांपर्यंत गेली आणि रेशीम मिसळलेलं आसन भिक्खूनं करू नये, असा नियम झाला. ही कथा फार प्रामाणिक आहे. नीतीचा मुद्दा कुणा पंडितानं काढला नाही, तर ज्याचा हात रोज उकळत्या हंड्याशी असतो त्यानं काढला. हत्या कोण करतं आणि कोणासाठी करतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

पण त्याच विनयात चीवरासाठी चालणाऱ्या सहा प्रकारच्या कापडांची यादी आहे, आणि तीत कापूस, लोकर यांच्या जोडीनं रेशीमही आहे. आसन नको, चीवर चालेल. तेव्हा या विसंगतीवर पुढे हजार वर्षं वाद होणार हे ठरलेलंच होतं. चीनमध्ये सातव्या शतकात विनयाचा मोठा आचार्य दाओश्वान रेशमाच्या विरोधात उभा राहिला. करुणेची भाषा बोलायची आणि किड्याच्या मरणाचं वस्त्र नेसायचं, हे त्याला पटणारं नव्हतं. नालंदेत राहून गेलेला, आपल्याकडे इत्सिंग म्हणून ओळखला जाणारा यात्रेकरू उलटी बाजू मांडू लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की भारतातले भिक्खू रेशीम वापरतात. मुद्दाम मारायला सांगणं हा दोष, आयतं मिळालेलं घेणं नव्हे. आणि हिशेब इतका ताणला तर उद्या अंगावर घालायला आणि पोटात घालायला काहीच उरणार नाही. व्यवहारी माणूस. पण कारागिराच्या तक्रारीला त्याच्याकडे उत्तर नाही. रेशीम आयतं मिळतं ते कुणीतरी हंडा चढवल्यावरच.

तेराव्या शतकात जपानमध्ये झेन आचार्य दोगेननं या वादाची दिशाच फिरवली. शेख फरीदबाबा गिरडला आले असं परंपरा सांगते, तेही शतक तेरावंच. योगायोग म्हणून सोडून द्यावा. दोगेन विचारतो, रेशीम सजीवाचं म्हणून नको म्हणता, मग सुती-तागाचं कापड काय निर्जीवाचं आहे? तिथेही कुणीतरी वाढत होतं. संवेदना असलेले आणि नसलेले अशी रेघ तुम्ही कुठे ओढणार? त्याचा उपाय आहे चिंध्यांचा. रस्त्यावर, उकिरड्यावर टाकून दिलेली फडकी उचलायची, धुवायची, शिवायची. त्याला पाली भाषेत पांसुकूल म्हणतात. चिंधी उचलताना ती रेशमाची की सुताची हे बघायचं नाही. ती चिंधी आहे, एवढंच बघायचं.

चिंधी आणि वाळलेला पाला यांत फारसा फरक नाही. दोन्ही कुणीतरी टाकलेलं.

दोगेनचा झाडापाल्याबद्दलचा प्रश्न विदर्भातल्या माणसाला परका वाटू नये. गिरडच्या भोवतालचा मुलूख कापसाचा. शेजारचं हिंगणघाट तर एकोणिसाव्या शतकात कापसाच्या नावानंच बाजारात ओळखलं जायचं. रेशीम हिंसेचं आणि कापूस अहिंसेचा, असं इथे सहज बोललं जातं. सेवाग्राम जवळ असल्यामुळे तर अधिकच. पण कापूस जिवंत नाही का? भारतीय बौद्ध मताप्रमाणे झाडांना संवेदना नाही. जैनांनी त्यांना एकेंद्रिय जीव मानलं. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला समजावतो, की झाडं ऐकतात, वास घेतात, पाहतातसुद्धा. चीन आणि जपानमध्ये बौद्धांचा कल हळूहळू झाडांच्या बाजूला झुकला. आठव्या शतकात चीनच्या झानरान या आचार्यानं निर्जीव म्हटल्या जाणाऱ्या गोष्टींतही बुद्धत्व आहे असं ठामपणे मांडलं. जपानच्या तेंदाई पंथानं त्यावरून गवत-झाडांनाही बुद्धत्व मिळतं असा सिद्धांत उभा केला. रोप अंकुरतं ती बोधीची इच्छा, उभं राहतं ती साधना, बदलतं ती प्राप्ती, सुकतं ते निर्वाण. पुढे जपानी नो नाटकांत केळीच्या झाडाचा आत्मा स्त्रीरूपात येऊन भिक्खूकडे हीच गोष्ट बोलू लागला.

या सगळ्याचं एक मूळ सद्धर्मपुंडरीक सूत्रात आहे. त्यातल्या ओषधींच्या अध्यायात पावसाचा दृष्टांत येतो. पाऊस एकच, पण गवत, झुडूप, मोठं झाड आपापल्या कुवतीनं तो पितं आणि वाढतं. या सूत्राचं नाव वर्धा जिल्ह्यात रोज घेतलं जातं, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये जपानी बौद्ध भिक्खू निचिदात्सु फुजी, म्हणजे फुजी गुरुजी, वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांचा एक शिष्य सेवाग्रामात राहिला. ढोल वाजवत मंत्र म्हणायचा, आश्रमाची कामं करायचा. १९४१ अखेर जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारनं त्याला पकडून नेलं. मंत्र मात्र मागे राहिला. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्याच जपानी शब्दांनी होते, आणि त्यांचा अर्थ आहे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. वर्ध्यातल्या गोपुरीजवळचा पांढरा विश्वशांती स्तूप हाही फुजी गुरुजींच्याच पंथाचा.

जाकुचूकडे परतायचं ते एका मुळ्यासाठी. उतारवयात त्यानं एक विलक्षण चित्र काढलं. आज ते क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची चित्रं जपानमध्ये परंपरेनं ठरलेली असतात. शालवृक्षांमध्ये मंचकावर पहुडलेले बुद्ध, भोवती रडणारे शिष्य, देव, पशुपक्षी. जाकुचूनं मांडणी तीच ठेवली आणि माणसं काढून टाकली. पालथ्या टोपलीवर मधोमध पहुडला आहे एक दोन पायांचा पांढराशुभ्र मुळा. शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. भोवती भोपळे, वांगी, सलगम, अळंबी, फळं, सगळे शोकात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. पुन्हा पाहिलं की हसू आवरतं. आयुष्यभर भाजी विकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसानं मुळा बुद्ध केला, तो थट्टेनं नव्हे.

मराठी वाचकाला इथे कोण आठवणार हे सांगायला नको. अरणचे सावता माळी, निधन १२९५. पंढरी फार लांब नसूनही मळा सोडून न गेलेले, आणि मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारे. पाचशे वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकण्याचा प्रश्नच नाही. पण भाजीच्या टोपलीशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला देव कुठे दिसतो, याबाबत दोघांची साक्ष एकच आहे. आणि एक बारीक गोष्ट: मुळ्याचं हे चित्र रेशमावर नाही. ते कागदावर, नुसत्या शाईनं काढलेलं आहे. यावरून त्याच्या मनाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण चित्रासमोर उभं राहिल्यावर ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्रानं रेशमाचा हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं मिटवला. मिटवला म्हणण्यापेक्षा येऊच दिला नाही. जुन्या घरांत पूजेला बसताना रेशमाचा कद किंवा मुकटा नेसायची पद्धत. सुती धोतर रोज धुऊन, कुणी शिवणार नाही असं वाळत घालावं लागायचं. रेशमाला विटाळ लागत नाही, ते मुळातच सोवळं. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, त्या घरातल्या देवघरात सगळ्यात पवित्र वस्त्र किड्यांच्या कोशाचं. शुद्धी आणि हिंसा हे आपल्याकडे दोन वेगवेगळ्या वह्यांतले हिशेब. एका वहीतली नोंद दुसरीत कधी उतरवली जात नाही. आज अनेक जैन कुटुंबं पूजेला रेशीम नेसायचं टाळतात. त्यांनी निदान दोन्ही वह्या एकत्र उघडल्या.

आणि फूल-पाखरू म्हणाल तर ते आपल्या रेशमावरही आहेच. पैठणीचा पदर म्हणजे दुसरं काय? बांगडी मोर, राघू, मुनिया, आसावलीच्या वेली, अजंठ्याचं कमळ. येवल्यात हातमागावरची पैठणी दाखवताना विणकर पदर उलटा करून दाखवतो, कारण अस्सल पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. जाकुचूची करामत मागच्या बाजूला, येवल्याच्या विणकराचा पुरावाही मागच्या बाजूला. अजंठ्याशी जपानी चित्रकारांचं नातं तर थेट आहे. १९१७-१८ मध्ये अराइ कानपो यांनी सहकाऱ्यांसह लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवल्या. हंसांच्या रांगा, छतावरची कमळं आणि बोधिसत्त्व असलेल्या त्या भिंती माती आणि तुसाच्या गिलाव्याच्या. तिथे रेशमाचं काम नाही. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपातल्या आगीत त्या जळाल्या.

जपाननं रेशीम सोडलं नाही. मात्र मेलेल्या किड्यांची आठवण ठेवली. रेशमाच्या मुलखात, गुन्मा-नागानोकडे, रेशीमकिड्यांच्या आत्म्यांसाठी उभारलेले दगड आढळतात. मोडक्या सुयांसाठीही तिथे विधी असतो, झिजलेल्या ब्रशांसाठीही. वापरलं आहे ना, मग हात जोडा. यानं हिंसा कमी होत नाही. हिशेब लपत मात्र नाही. जाकुचूच्या तीस चित्रांत तळ्याकाठच्या किड्यांचं एक आहे. वेलीवर लोंबणारे भोपळे, खाली बेडकांची सभा, टोळ, चतुर, कोळी, मुंग्या, अळ्या. साठांहून अधिक जाती मोजल्या आहेत. पानांना भोकं पडलेली आहेत. खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच कापडावर, कुणाचाही निवाडा न करता. ते कापड कुणाचं, हेही त्याच यादीत बसतं.

रेशमाचं हे ओझं पाहायला विदर्भातल्या माणसाला क्योतोला जावं लागत नाही. गिरडहून पूर्वेला सरकलं की भंडारा, गडचिरोलीकडे कोशाचा मुलूख लागतो. तिथला कोसा तुतीवर पोसलेल्या पाळीव किड्याचा नाही. त्या पाळीव किड्याच्या पाखराला तर माणसाच्या सोबतीत इतकी शतकं गेली, की पंख असून उडता येत नाही. गडचिरोलीच्या जंगलातला टसरचा किडा मात्र ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतो. आरमोरीकडचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या तो सांभाळत आले आहेत. सांभाळायचा म्हणजे मुख्यतः पाखरांपासून राखायचा. हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या म्हणजे पाखरांची मेजवानी. म्हणून झाडाखाली गलोल घेऊन बसायचं, हाकारे घालायचे, मुंग्या आणि गांधीलमाश्यांवर नजर ठेवायची. फूल-पाखरांच्या नक्षीचं कापड तयार व्हायचं तर आधी पाखरांना हाकलून लावावं लागतं. मग तो कोसा विणकरांकडे येतो आणि त्याची करवती साडी होते, अंग टसरचं, काठ सुताचे, करवतीच्या दात्यांसारखे. रेशीम आणि कापूस एकाच मागावर. दोगेनचा वाद तिथे कुणी काढत नाही.

एक हिशेब मात्र त्या राखणाऱ्याला चुकवता येत नाही. सगळेच कोश उकळले तर पुढच्या हंगामाला बी कुठून आणणार? म्हणून चांगले, टणक, वजनदार कोश निवडून बाजूला काढतात. हार गुंफावा तसे दोऱ्यात ओवतात आणि गार, अंधाऱ्या खोलीत त्यांच्या माळा टांगून ठेवतात. दिवस भरले की संध्याकाळनंतर कोशाचं एक टोक ओलसर होतं. धागे बाजूला सरकतात. चुरगळलेले पंख घेऊन पाखरू बाहेर येतं, माळेला लटकून राहतं, आणि पंख हळूहळू उघडतात. हाताच्या पंजाएवढे, प्रत्येक पंखावर आरपार दिसणारा एक गोल डोळा. त्याला खायला तोंड नसतं. जगायला थोडे दिवस असतात. मादी तिथेच माळेवर बसून राहते. नर अंधारात उडतो. मागे राहिलेला फुटका कोसा टाकत नाहीत. त्याचा सलग धागा निघत नाही, पण हातानं ओढून, मांडीवर वळून जाडाभरडा धागा निघतो, त्याला घिचा म्हणतात.